पडद्याचं ऑपरेशन झालंय? मग मोतीबिंदूवाल्यांचं ऐकू नका

सगळ्यात आधी एक सांगते, रेटिनाचं म्हणजे पडद्याचं ऑपरेशन वेगळं आणि मोतीबिंदूचं वेगळं, आणि हे तुम्हाला कळलेलं असलं तरी भेटायला येणाऱ्या एकाही माणसाला कळलेलं नसतं. माझं ऑपरेशन झालं आणि दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी मला मान खाली घालून बसलेलं बघितलं तर ओरडल्याच, अगं वाकू नकोस, डोळ्यावर जोर येईल! त्यांचं मोतीबिंदूचं झालं तेव्हा त्यांना वाकायला बंदी होती, ते खरंच होतं, पण मला डॉक्टरांनी बरोब्बर उलटं सांगितलेलं, पाच दिवस मान वर करायचीच नाही. मग नणंद आली, ती म्हणाली आमच्या शेजारच्या काकांना तर दुसऱ्या दिवशी स्वच्छ दिसायला लागलं, तुला कसं नाही दिसत, डॉक्टर बदल. तर हे सगळं लिहितेय ते यासाठी, की पडद्याच्या ऑपरेशनमध्ये अर्धं काम डॉक्टर करतात आणि उरलेलं अर्धं घरी तुमच्या मानेने करायचं असतं, आणि त्या अर्ध्याबद्दल नीट सांगणारं कोणी भेटत नाही.

माझं थोडक्यात. वय ५२, लहानपणापासून जाड भिंगाचा चष्मा, नंबर मायनस ९. डाव्या डोळ्यासमोर आधी काळे ठिपके, मग कडेला वीज चमकल्यासारखं, मी म्हटलं बीपी असेल, आणि तीन दिवसांनी नाकाच्या बाजूने काळी सावली सरकत आली. डॉक्टरांनी बघितलं तर पडद्याला बाहेरच्या, म्हणजे कानाकडच्या बाजूला भोक आणि पडदा सुटत सुटत मॅक्युलापर्यंत आलेला (मॅक्युला म्हणजे मधली जागा, जिथून आपण वाचतो, चेहरे ओळखतो). विट्रेक्टमी केली (म्हणजे डोळ्याच्या आतला जेलीसारखा पदार्थ काढून टाकला), लेझर केलं, आत गॅस भरला. मी डॉक्टर नाही, तुमचे डॉक्टर सांगतील ते माझ्यापेक्षा मोठं, पण अंथरुणात उलटं झोपून चहा कसा प्यायचा हे मला त्यांच्यापेक्षा जास्त कळतं.

मान खाली कशासाठी ते एकदा समजून घ्या, म्हणजे मग कंटाळा आला तरी चुकवावंसं वाटत नाही. पावसाळ्यात भिंतीत पाणी मुरलं की रंगाचा पोपडा सुटतो ना, तसंच आहे हे. पडद्याला भोक पडतं, डोळ्यातलं पाणी त्या भोकातून मागे शिरतं आणि पडदा भिंतीपासून सुटतो. ऑपरेशनमध्ये पाणी काढून पडदा परत भिंतीला टेकवतात आणि भोकाभोवती लेझरने किंवा गोठवून डाग देतात, पण तो डाग पक्का धरायला दहा-पंधरा दिवस लागतात. तोपर्यंत पडदा दाबून धरायला कोणीतरी हवं, ते काम गॅसचा बुडबुडा करतो. आणि बुडबुडा नेहमी वरच जाणार, पाण्याच्या बाटलीत जातो तसा. म्हणजे भोक ज्या बाजूला आहे ती बाजू वर यायला पाहिजे, संपलं. म्हणून प्रत्येकाची पोझिशन वेगळी असते. माझा मॅक्युला सुटला होता म्हणून आधी पाच दिवस तोंड खाली, आणि भोक डाव्या डोळ्याच्या बाहेरच्या बाजूला म्हणून त्यानंतर आठवडाभर उजव्या कुशीवर. तुमच्या ओळखीत कोणाला नुसतं ताठ बसायला सांगितलं असेल तर ते त्याचं भोक वरच्या बाजूला असेल म्हणून, तुम्ही त्याचं बघून आपलं ठरवू नका. काहीजणांना आतून गॅस न भरता बाहेरून पट्टा बसवतात, बकल म्हणतात, त्यांना कधीकधी पोझिशन अजिबात नसते, पण डोळा जास्त सुजतो आणि जास्त दुखतो.

डिस्चार्जच्या वेळी सगळे बिलाच्या काउंटरवर असतात आणि विचारायचं तेच राहून जातं. घरच्या एकाला कागद पेन घेऊन उभं करा आणि एवढं विचारून लिहूनच घ्या: आत गॅस आहे की सिलिकॉन तेल, गॅस असेल तर कुठला, डोकं नेमकं कसं ठेवायचं, किती दिवस, तासातून किती मिनिटं सुट्टी, रात्री झोपताना कसं, आणि मॅक्युला सुटला होता का. शेवटचा प्रश्न यासाठी की नजर किती परत येईल ते बरंचसं त्यावर ठरतं. एसएफ सिक्स नावाचा गॅस साधारण दोन-तीन आठवड्यात विरघळतो, सी थ्री एफ एट सहा ते आठ आठवडे राहतो, तो माझ्यात होता. तेल मात्र आपोआप जात नाही, ते काढायला साधारण तीन ते सहा महिन्यांनी दुसरं छोटं ऑपरेशन करावं लागतं, तर मेडिक्लेम असेल तर पहिल्याची फाइल बिलं सगळं जपून ठेवा.

आता तोंड खाली ठेवून जगायचं कसं. परदेशात त्यासाठी खास खुर्च्या भाड्याने मिळतात, आम्ही घरातल्या सामानावर भागवलं. डायनिंग टेबलवर दोन उशा एकावर एक, त्यावर प्रवासात गळ्यात घालायची ती यू आकाराची उशी, तिच्या भोकात चेहरा, म्हणजे नाकाला हवा मिळते आणि डोळ्यावर दाब येत नाही. हा दाबाचा मुद्दा महत्त्वाचा आहे, कपाळ आणि गालावर वजन घ्यायचं, डोळ्यावर अजिबात नाही. झोपताना पलंगाच्या कडेला छातीखाली एक उशी घालून पालथं, कपाळ उशीच्या टोकावर आणि चेहरा कडेबाहेर. पहिल्या रात्री मी दहा वेळा उठले, दुसऱ्या रात्री सहा वेळा, तिसऱ्या रात्री चक्क घोरले असं नवरा म्हणतो. झोपेत उताणं व्हायची भीती असेल तर पाठीला ओढणीने टेनिस बॉल बांधा, हसू नका, उताणं झालं की टोचतो आणि जाग येते. उताणं झोपायचं नाही हा नियम पोझिशन संपली तरी गॅस असेपर्यंत चालूच राहतो, कारण उताणं झोपलं की बुडबुडा पुढे येऊन लेन्सला टेकतो, डोळ्याचं प्रेशरही वाढू शकतं.

कोपरांकडे लक्ष ठेवा, हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. टेबलवर कोपरं टेकवून तासन्तास बसले आणि तिसऱ्या दिवशी करंगळी बधिर. कोपरातून नस जाते ती दाबली जाते. मग कोपरांखाली घडी केलेला टॉवेल ठेवला आणि हात सारखे हलवत राहिले, आठवडाभरात गेलं. पायांचं पण तेच, एका जागी बसून पायात रक्त साकळू शकतं, तर पावलं वरखाली करत राहायची आणि सुट्टीच्या मिनिटांत घरात फेऱ्या मारायच्या, मान खाली घालूनच चाललं तरी चालतं, जमिनीवरची प्रत्येक फरशी मला आता तोंडपाठ आहे. मान आणि खांदे तर दुखणारच, शेकायची पिशवी चालते पण मसाजवाल्या बाईला बोलवून मान मोडून घेऊ नका. रात्री पापणी सुजते आणि चेहरा फुगतो, पाणी खाली उतरतं म्हणून, सकाळी आरशात बघून घाबरायचं नाही.

खायचं कसं, तर मांडीवर ताट घेऊन. पोळी-भाजी, इडली, पराठा असं हाताने उचलून खाता येईल ते. आमटी-भात चमच्याने जमतो पण नाकाला लागतो. चहा, पाणी, ताक सगळं स्ट्रॉने, वाकणारी स्ट्रॉ आणा. इसबगोल आणि पपई सुरू करा कारण बसून बसून पोट साफ होत नाही आणि कुंथायचं तर नाहीये. करमणुकीला मोबाइल जमिनीवर ठेवायचा आणि वरून बघायचा, हे सगळ्यात सोपं. माझ्या मुलाने मांडीवर आरसा ठेवून टीव्ही दाखवायची आयडिया केली, दिसतं खरं, पण मालिकेतली सगळी माणसं डावखुरी आणि खालची अक्षरं उलटी, दोन दिवसात सोडून दिलं. मोबाइल बघून, वाचून दुसऱ्या डोळ्याला किंवा ऑपरेशनच्या डोळ्याला इजा होत नाही, फक्त दुखायला लागलं की थांबा. पण खरं सांगू का, कानाने ऐकायच्या गोष्टी जास्त कामाला आल्या, रेडिओ, गोष्टींचं ॲप, आणि बहिणीचे रोज दुपारचे फोन. चौथ्या दिवशी मी उगाचच रडले, डोळ्याला रडणं वाईट का असं विचारत रडले, तर नाही, नुसते अश्रू आले म्हणून काही बिघडत नाही, फक्त चोळायचं नाही.

थेंब. थेंबांचं एक वेळापत्रक भिंतीवर चिकटवा, आपल्या उंचीवर नाही तर टेबलाखाली, जिथे आपली नजर असते तिथे. साधारणपणे एक अँटिबायोटिक असतो, एक स्टिरॉइड, एक बाहुली मोठी करणारा, आणि प्रेशर वाढलं असेल तर त्याचा एखादा. दोन वेगवेगळ्या थेंबांमध्ये निदान पाच मिनिटं ठेवायची, नाहीतर दुसरा पहिल्याला वाहून नेतो. दुधासारखा पांढरा स्टिरॉइड असेल तर बाटली नीट हलवायची, नाहीतर औषध तळाशीच राहतं. हात धुवायचे, खालची पापणी खाली ओढायची, एकच थेंब, बाटलीचं टोक कुठेही टेकवायचं नाही, डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा मिनिटभर बोटाने हलकेच दाबायचा. थेंबासाठी मिनिटभर मान वर केली तर चालते, त्यासाठी जीव काढू नका. उघडलेली बाटली महिन्याने फेकून द्यायची. स्टिरॉइडचा थेंब डोळ्याची लाली गेली म्हणून आपल्या मनाने बंद करायचा नाही, तो हळूहळू कमी करत नेतात, आणि उलट छान वाटतं म्हणून मेडिकलवाल्याकडून आणून चालूही ठेवायचा नाही, त्याने प्रेशर वाढतं. शुगर असेल आणि स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्या असतील तर शुगर तपासत राहा, वर चढते. बाहुली मोठी करणाऱ्या थेंबाने जवळचं धूसर दिसतं आणि उजेड खुपतो, ते औषधामुळे आहे, गॉगल लावा.

मध, गुलाबपाणी, गायीचं तूप, हे सगळं घेऊन कोणीतरी येईलच. हात जोडून ठेवून घ्या आणि तूप पोळीला लावा.

मी डोंबिवलीत राहते आणि माझा भाऊ पुण्यात, तो म्हणाला ताई इकडे ये विश्रांतीला, आम्ही आहोत करायला. डॉक्टरांना सहज म्हणून विचारलं तर ते खुर्चीतून उठलेच. डोळ्यात गॅस असताना विमान तर पूर्णच बंद, पण घाट चढणं पण धोक्याचं असू शकतं. उंचीवर हवेचा दाब कमी होतो, आतला गॅस फुगतो, डोळ्यातलं प्रेशर एकदम वाढतं आणि रक्तपुरवठा थांबून नजर कायमची जाऊ शकते. मुंबई समुद्राच्या पातळीवर, खंडाळा-लोणावळा सहाशे मीटरच्या वर, पुणं साधारण साडेपाचशे, महाबळेश्वर तर तेराशेच्याही वर. ट्रेनने गेलं तरी घाट तोच. आता प्रश्न असा की आपल्याकडे कितीतरी जण ऑपरेशन मुंबईत करतात आणि राहतात नाशिकला नाहीतर साताऱ्याला, त्यांनी ऑपरेशनच्या आधीच सांगायचं की घरी जाताना घाट आहे, मग डॉक्टर काय वापरायचं, कधी सोडायचं ते त्या हिशोबाने ठरवतात. तेल असेल तर ही भानगड नाही, विमानाने जाता येतं.

याच गॅसवाल्यांना दुसरी एक गोष्ट, नायट्रस ऑक्साइड म्हणजे भूल देताना हुंगवतात तो गॅस चालत नाही, तो बुडबुड्यात शिरून बुडबुडा फुगवतो. म्हणजे या दीड-दोन महिन्यांत दात काढायचा असो नाहीतर अपघातात हाड मोडून भूल द्यायची वेळ येवो, डॉक्टरांना सांगायला पाहिजे. काही ठिकाणी मनगटावर पट्टा बांधून देतात, तो गॅस संपेपर्यंत कापायचा नाही. मला दिला नव्हता, मी पर्समध्ये आणि मोबाइलच्या कव्हरमागे चिठ्ठी ठेवली होती, डाव्या डोळ्यात गॅस, अमुक तारखेला भरला.

पट्टी काढल्यावर काय दिसतं हे आधी माहीत असेल तर तुमची एक रात्र वाचेल. काहीच दिसत नाही. म्हणजे उजेड आणि हात हलला तर हललेला कळतो, बस. मी म्हटलं गेला डोळा. पण पूर्ण डोळा गॅसने भरलेला असताना असंच दिसतं. मग काही दिवसांनी वरच्या बाजूला एक आडवी रेष दिसायला लागते, गवंड्याच्या लेव्हलपट्टीत असते तशी, डोकं हलवलं की डुचमळते. रेषेच्या वर स्पष्ट, खाली पाण्यातलं. ती रेष रोज थोडी थोडी खाली उतरते. खरं तर बुडबुडा वर असतो पण डोळ्यात चित्र उलटं पडतं म्हणून आपल्याला तो खाली दिसतो. माझी रेष चौथ्या आठवड्याच्या सुमाराला मध्यावर आली आणि तो काळ सगळ्यात वैतागाचा, अर्धं जग डुलतंय, चक्कर येते, त्यापेक्षा बाहेर जाताना तो डोळा झाकलेला बरा. शेवटी एक छोटा गोल मणी उरतो, मान खाली घातली की मध्ये येऊन बसतो. कधी तो फुटून दोन-तीन मणी होतात, घाबरू नका. सातव्या आठवड्यात एका सकाळी मणी दिसलाच नाही, आणि विश्वास बसेना, चुकल्या चुकल्यासारखं झालं.

घाबरायचं कशाला ते सांगते. दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढत चाललंय, डोकं फुटतंय आणि उलट्या होतायत, हे बहुतेक प्रेशर वाढल्याचं लक्षण, त्याला पित्त म्हणून ओवा खात बसू नका. लाली वाढतेय, पू येतोय, नजर काल होती त्याच्यापेक्षा आज कमी, हे इन्फेक्शन असू शकतं. परत विजा चमकणं, काळ्या ठिपक्यांचा पाऊस, कडेने सावली सरकणं, म्हणजे पडदा परत सुटत असेल. यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघायची नाही, त्याच रात्री फोन करायचा आणि जायचं. पहिल्या ऑपरेशनमध्ये बहुतेकांचा पडदा बसतो, पण शंभरात पाच ते दहा जणांच्या डोळ्यात आत व्रणाची जाळी धरते आणि ती आकसून पडद्याला परत ओढते, हे पहिल्या दोन-तीन महिन्यांत होतं, म्हणून फॉलोअपच्या तारखा चुकवायच्या नाहीत, छान दिसत असलं तरी. नुसतं टोचणं, वाळू गेल्यासारखं वाटणं, पाणी येणं, लाल डाग, हे पहिले दोन आठवडे चालतंच.

रोजचं बाकी. अंघोळ मानेखालून, डोळ्यात नळाचं पाणी जाऊ द्यायचं नाही. केसांचं दुखणं बायकांनाच माहीत, माझे कमरेपर्यंत, दोन आठवडे ड्राय शाम्पू आणि वेणी, मग डॉक्टरांना विचारून धाकट्या जावेने बाथरूममध्ये स्टुलावर बसवून डोळ्यावर प्लास्टिकचं झाकण लावून धुवून दिले. ते झाकण रात्री झोपताना तर लावायचंच, झोपेत हात जातो. फोडणीपासून, उदबत्तीच्या धुरापासून लांब, मिरची तळत असतील तर दुसऱ्या खोलीत. सिलिंडर, पाण्याची बादली, नातवंडं, काहीही जड उचलायचं नाही, निदान महिनाभर. पोहणं त्याहून जास्त दिवस बंद. ऑफिसचं बसून काम असेल तर दोन-चार आठवड्यांत जाता येतं, पण लोकलच्या गर्दीत कोपर बसायची भीती असते त्यामुळे मी दीड महिना घरूनच केलं. गाडी चालवायची डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत नाहीच, एका डोळ्याने अंतराचा अंदाज येत नाही. ते घरात पण कळतं, जिन्याची शेवटची पायरी नसते तिथे पाय टाकतो आणि चहा कपाच्या शेजारी ओततो. त्यावर उपाय, भांड्याची चोच आधी कपाच्या काठाला टेकवायची आणि मग ओतायचं.

नजर परत येण्याची घाई करू नका. मॅक्युला सुटला नसेल तर लवकर आणि चांगली येते, सुटला असेल तर महिनोन्महिने, वर्षभरही सुधारणा चालू राहते, पण पूर्वीसारखी शंभर टक्के होईलच असं नाही. माझ्या डाव्या डोळ्याला अजून दाराची चौकट थोडी वाकडी दिसते आणि माणसं उजव्यापेक्षा जराशी बारीक दिसतात, यात माझा नवरा खूश आहे. नवीन चष्मा तीन महिन्यांच्या आत करू नका, नंबर बदलत राहतो, पैसे वाया. बकल बसवलं असेल तर मायनस नंबर वाढतो, तेल असेपर्यंत नंबर वेगळाच येतो. आणि विट्रेक्टमीनंतर, विशेषतः पन्नाशीच्या पुढे, त्या डोळ्यात मोतीबिंदू वर्ष-दोन वर्षांत वाढतोच म्हणायला हरकत नाही, ती ऑपरेशनची चूक नव्हे. म्हणजे शेवटी सासूबाईंचे नियम मलाही लागू होणार आहेत, त्या वाट बघतायत.

हे सहन करताना एक आठवायचं, १९२० च्या दशकापर्यंत पडदा सुटला म्हणजे डोळा गेला असंच होतं, स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या ज्यूल्स गोनिन नावाच्या डॉक्टरने भोक हेच मूळ आहे आणि ते बंद करायचं असतं हे दाखवून दिलं. त्यानंतरही कितीतरी वर्षं पेशंटला दोन्ही डोळे बांधून, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून आठवडेच्या आठवडे निपचित ठेवायचे. आपल्याला निदान मोबाइल आहे.

आणि दुसरा डोळा दाखवून घ्या, थेंब घालून, कडेपर्यंत. एका डोळ्याचा पडदा सुटला तर दुसऱ्यालाही धोका असतो. घरात अजून कोणाचा मोठा मायनस नंबर असेल तर त्यांचाही. माझ्या मुलाचा मायनस ६ आहे, त्याला ओढत नेलं, आणि उजव्या डोळ्यात कडेला एक बारीक भोक सापडलं, पडदा अजून जागेवर होता, तिथल्या तिथे खुर्चीत बसवून लेझर केलं, जेमतेम दहा मिनिटं. बाहुल्या मोठ्या झाल्यामुळे संध्याकाळपर्यंत त्याला पुस्तकातलं अक्षर दिसेना आणि क्लास बुडाला, त्याला आनंद झाला तो याचा.